तारीख नसताना कोर्टात

कोर्टाचं समन्स मला मुखेडच्या बस स्टँडवरच मिळालं. लातूरची गाडी भरली होती. मी दाराशी उभी राहून राहिलेल्या बायकांना आत घेत होते, तेवढ्यात एक पोलीस कागद घेऊन पुढं आला आणि म्हणाला, "बाई, इथं सही करा." गाडीतलं बोलणं एकदम बंद झालं. मी सही केली, दार ओढलं, घंटी दिली. गाडी गावाबाहेर पडल्यावर पुढच्या बाकावरचे एक काका हळूच म्हणाले, "काय भानगड झाली हो बाई?"

"भानगड न्हाई काका. साक्ष हाय."

"मग जपून. पिंजऱ्यात उभारल्यावर माणूस आपलं नाव इसरतंय."

नाव मी विसरले नाही. पण त्या साक्षीच्या दिवशी एक प्रश्न डोक्यात शिरला, आणि त्याच्या मागं मागं मी बेचाळिसाव्या वर्षी वकिलीच्या प्रवेशपरीक्षेपर्यंत जाऊन पोचले.

झालं होतं असं. आदल्या वर्षी मुखेडजवळच्या एका फाट्यावर एक जीप आणि एक मोटरसायकल यांची धडक झाली. आमची गाडी तेव्हा फाट्यावर थांबत होती. मोटरसायकलवाल्याचा पाय मोडला. जीपवाल्यावर केस झाली आणि पोलिसांनी माझा आणि आमच्या ड्रायव्हरचा जबाब घेतला. ड्रायव्हर माझ्यापेक्षा वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. आम्ही दोघं बरीच वर्षं एकाच मार्गावर होतो. त्यामुळे साक्षीलाही दोघं एकाच दिवशी गेलो.

आधी मला बोलावलं. सरकारी वकिलांनी विचारलं, मी सांगत गेले. न्यायाधीश माझ्यापेक्षा लहान असावेत. माझं बोलणं ऐकून ते शेजारी बसलेल्या टंकलेखकाला सांगत आणि तो टाइप करत होता. मी म्हणाले, "जीप लई जोरात आली." न्यायाधीशांनी सांगितलं, "जीप भरधाव वेगाने आली."

मी बोलून गेले, "साहेब, मी भरधाव म्हणलं न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, आता रागावणार. पण न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "बरोबर आहे. मग लई जोरात म्हणजे किती जोरात?"

आमच्या गाडीपेक्षा जोरात म्हणावं, तर आमची गाडी जवळजवळ थांबलेली. मी म्हणाले, "लई म्हणजे... लई." कोर्टात हशा झाला. न्यायाधीशही हसले आणि टंकलेखकाला म्हणाले, "त्या म्हणतात तसंच घ्या."

मग जीपवाल्याचे वकील उठले. वयस्कर, आवाज अगदी मऊ.

"धडक झाली तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"तिकिटं द्यायले होते."

"तोंड कुठल्या बाजूला होतं?"

"मागं. मागच्या बाकावर चार जण राहिले होते."

"मग आवाज आला?"

"हाव."

"आवाज ऐकून तुम्ही वळून बघितलं. तेव्हा जीप कुठं होती?"

"थांबली होती. रस्त्याच्या कडंला."

"मग ती जोरात येताना तुम्ही कधी बघितली?"

जीप मला दिसत होती. पांढरी, टपावर पोती, मागं धुरळा उडवत येणारी. आजही दिसते. पण माझं तोंड मागं होतं. मग ते चित्र आलं कुठून?

"सावकाश आठवून सांगा," वकील म्हणाले.

"साहेब, मला दिसायलंय. पण बघितलं कवा, ते सांगता येईना."

त्यानंतर मामांची साक्ष झाली. त्यांचं तोंड पुढं, समोर काच. त्यांनी सांगितलं, जीप हळू आली आणि अर्ध्या वाटेत थांबली होती, मोटरसायकलवालाच वळण सोडून आत आला. आम्ही दोघं एका गाडीत, दोघांनीही शपथ घेतलेली, दोघांपैकी कुणालाही जीपवाल्याशी देणंघेणं नाही. तरी त्यांची जीप हळू आणि माझी जोरात.

बाहेर येऊन चहा घेताना मी मामांना म्हणाले, "तुम्ही मला तवा सांगायचं ना, की हळू होती म्हणून."

"तू इचारलं कवा? तूच सगळ्यांला सांगत सुटली, जोरात आली, जोरात आली."

"मला कुणी सांगितलं मग?"

"मागच्या बाकावरचे वरडले असतील. तू त्यांचं ऐकलं आन् डोळ्यात भरून घेतलं."

मामांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला. मला मात्र तेव्हापासून चैन पडेना. कानानं ऐकलेलं डोळ्यात कसं जातं? आणि समोरच्या वकिलांनी तसं विचारलंच नसतं तर? माझ्या बोलण्यावर एक माणूस आत गेला असता का? पुढं जीपवाला सुटला. मोटरसायकलवाला काही महिन्यांनी आमच्याच गाडीत चढला, काठी टेकत. तिकीट घेताना म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या बाजूनं बोलायला पाहिजे होतं." मी तिकीट त्याच्या हातात दिलं आणि पुढच्या बाकाकडं सरकले. साक्षीदाराला बाजू असते का, हाही मग एक प्रश्न झाला.

कोर्टात कुणीही जाऊन बसू शकतं, हे मला साक्षीच्या दिवशी कळलं होतं. मागच्या बाकावर एक म्हातारा नुसताच बसलेला होता. मी सरकारी वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, "उघडं कोर्ट आहे. कुणीही बसावं, फक्त गप्प बसावं." माझ्या सुट्टीच्या दिवशी मी जाऊन बसले. पट्टेवाल्यानं विचारलं, "तुमची तारीख हाय का?"

"न्हाई."

"कुणाची हाय?"

"कुणाचीच न्हाई. ऐकायला आले."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पुकारा करायला निघून गेला. पुढच्या सुट्टीला पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही गेले. बांधाची भांडणं, पोटगी, चेक न वटल्याच्या केसेस. निम्मा वेळ नुसत्या तारखा पडायच्या आणि पंखा फिरत राहायचा. पण मध्येच एखादी उलटतपासणी सुरू झाली की मी बाकाच्या कडेला सरकायची. हा प्रश्न आत्ता का विचारला? तो का सोडून दिला? एकदा एका वकिलांनी साक्षीदाराला फक्त एवढंच विचारलं की त्या दिवशी बाजार होता का, आणि खाली बसले. मला दिवसभर त्याचा उलगडा झाला नाही. निकालाच्या दिवशी कळलं, बाजाराच्या दिवशी तो साक्षीदार म्हणतो त्या ठिकाणी उभं राहायला जागाच नसते.

गावात ही गोष्ट लपून राहणार नव्हती. माझ्या नवऱ्याची पिठाची गिरणी आहे. गिरणीत बातमी आधी पोचते, दळण नंतर. एका रात्री जेवताना त्यांनी भाकरी मोडली आणि खाली बघतच विचारलं, "माझ्यावर केस टाकून राहिली का काय?"

"काय?"

"सगळा बाजार म्हणायलाय. वहिनी दर सुट्टीला कोर्टात असतात. एकानं तर मला चांगला वकीलबी सुचवला."

मी इतकी हसले की ठसका लागला. त्यांना मात्र हसू येत नव्हतं. सगळं समजावून सांगितलं तरी त्यांचा चेहरा सुटेना. शेवटी म्हणाले, "एकदा मला ने. बघू दे, काय असतंय एवढं." पुढच्या सुट्टीला गिरणी बंद ठेवून ते माझ्याबरोबर आले. त्या दिवशी बांधाची केस होती. दुपारी जेवायला घरी जाऊ म्हणाले नाहीत. संध्याकाळी परत येताना वाटभर तेच बोलत होते, की धाकट्या भावाचं बरोबर आहे, पण थोरल्याच्या वकिलानं काय अडवलं त्याला! त्यानंतर त्यांनी बाजाराचं तोंड आपणच बंद केलं.

कोर्टाच्या आवारात एक वकीलबाई होत्या, मुखेडच्याच. त्यांच्या वडलांचं शिवणकामाचं जुनं दुकान. वकिलांचे काळे कोट तेच शिवायचे, आणि लहानपणी त्या कोटांना बटणं लावता लावता आपल्याला हा धंदा आवडला, असं त्या सांगायच्या. चहाच्या टपरीवर त्या एकदा माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"आपा, सारखं येऊन राहिलाव. शिकलाव किती?"

"बी. ए. मुक्त विद्यापीठातून. नोकरीत असतानाच केलं."

"मग सीईटी द्या ना. तीन वर्षांची वकिली. वयाची अट न्हाई."

मला वाटलं, थट्टा करतायत. त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांनी सगळं नीट सांगितलं. परीक्षा सगळ्या राज्याची एकच असते. चांगल्या कॉलेजांच्या जागा थोड्या आणि मुलं भरपूर. मुंबई-पुण्याची नावाजलेली कॉलेजं वरच्या मार्कांवरच भरून जातात, आणि नांदेड-लातूरच्या अनुदानित जागांनाही आता चढाओढ असते. आणखी एक गोष्ट त्यांनी आधीच सांगितली, त्याबद्दल मी त्यांचे आभार मानते. "नोकरी सोडल्याबिगर सनद मिळणार न्हाई. तवा कोट घालायची घाई असेल तर आत्ताच सांगते."

"कोट नको. मला कळायला पाहिजे."

"काय?"

"हे सगळं," मी कोर्टाच्या इमारतीकडं हात केला. "मग तर द्याच," त्या म्हणाल्या.

घरी, डेपोत, माहेरी, सगळीकडं एकच प्रश्न आला. वकिली करायची नाही तर वकिली शिकायची कशाला? मामा एवढंच म्हणाले, "हिला आता प्रवाशांनी सुट्टे पैसे मागितले तरी ही कलम सांगणार." पण परीक्षेच्या आधी शिल्लक रजा टाकून लातूरला जायचं ठरलं, तेव्हा मला आमच्या गाडीनं सोडायला मामाच होते, आणि माझी गादीची वळकटी टपावर त्यांनीच चढवली.

लातूरच्या क्लासच्या गल्लीत मी आयुष्यात कितीतरी पोरं उतरवली होती. आई-बाप मागं, पेटी पुढं. आता मी स्वतः तिथं उतरले. जिथं बघावं तिथं पाठीवर दप्तर घेतलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं, रसवंतीच्या बाकावरही पुस्तक उघडलेलं. अभ्यासिकेच्या दारातच मालकानं मला अडवलं. "पालकांना बसायला बाहेर खुर्च्या आहेत, काकू."

"मी पालक न्हाई. मीच परीक्षा देणार हाव."

तो गडबडला. मग त्यानं मला भिंतीकडची, कूलरजवळची जागा दिली. शेवटपर्यंत मला तो भाड्यात सूट देऊ का म्हणून विचारत होता आणि मी नको म्हणत होते.

राहायची सोय एका खोलीत झाली. खोलीत आधीपासून एक मुलगी होती, इस्लापूरची. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती. पहिल्या संध्याकाळी ती माझ्याशी अंग चोरून वागली. तिला वाटलं असेल, ही बाई आता आईसारखी मागं लागणार. मी पुस्तक काढून बसले आणि पहिल्याच प्रश्नाला अडले. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मावशी, काय वाचायलाव एवढं बोट ठेवून?"

नात्यांचं कोडं होतं. इंग्रजीत. कोण कुणाची कोण लागते ते शोधायचं. मला वाटलं होतं, हा भाग तरी सोपा जाईल. लग्नसराईत गाडीत बसलेल्या माणसांची नाती मी चेहऱ्यावरून सांगते. पण इथं एक शब्द होता, सिस्टर-इन-लॉ.

"ही नणंद हाय का जाऊ?" मी विचारलं.

"दोन्ही होऊ शकते."

"आन् मेहुणी?"

"तीपण."

"भावजय?"

"तीपण, मावशी."

"सगळ्या एकच? मग त्यांच्यात भांडण झालं तर कोर्टात सांगायचं कसं, कोण कुणाला बोललं?"

ती पहिल्यांदा हसली. मग तिनं मला युक्ती शिकवली. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, लग्नाला आडवी रेघ, लेकराला उभी. शब्द सोडून द्यायचे आणि चित्र काढायचं. माझ्या वहीच्या पानांवर मग गोल-चौकोनांची गर्दी झाली. मला ते लई आवडलं. मी माझ्या माहेरचं चित्र काढलं, मग सासरचं. मग तिच्या घरचं काढून बघितलं, तेव्हा तिची एक आत्या आणि माझ्या आतेभावाची बायको एकाच गावच्या निघाल्या.

इंग्रजी व्याकरण मात्र माझ्या हाती लागेना. ती सकाळी दात घासता घासता मला वाक्यं घालायची, मी चूक शोधायची. बदल्यात मी तिचं जीवशास्त्राचं पुस्तक हातात धरून तिला प्रश्न विचारायची. उत्तर बरोबर की चूक हे मला छापलेलं वाचूनच कळायचं, पण प्रश्न विचारणं मला आता चांगलं जमत होतं. ती अडखळली की मी तोच प्रश्न फिरवून विचारायची. "मावशी, तुम्ही आमच्या सरांपेक्षा डेंजर हाव," ती म्हणायची.

कायद्याच्या प्रश्नांवर आमची भांडणं व्हायची. त्यात आधी एक तत्त्व दिलेलं असतं, मग एक गोष्ट, आणि त्या तत्त्वानं गोष्टीचा निकाल लावायचा. एकात लिहिलं होतं, दुसऱ्याच्या रानात परवानगीशिवाय पाय ठेवणं म्हणजे अतिक्रमण. आणि गोष्ट अशी की एक माणूस शेजाऱ्याच्या रानातून रोज विहिरीला जातो.

"हे अतिक्रमण न्हाई," मी म्हणाले. "वाट असते ती. सगळेच जातात."

"तत्त्वात वाटेचं काही म्हटलंय का?"

"न्हाई. पण..."

"मावशी, गावातलं गावात ठेवा. कागदावर हाय तेवढंच बघा."

मला ते पटायला वेळ लागला. जे माहीत आहे ते बाजूला ठेवायचं आणि जे दिलं आहे तेवढ्यावर विचार करायचा. न्यायाधीशही असंच करत असतील का? त्यांनाही फाटा माहीत असेल, बाजार माहीत असेल, तरी समोर आलेलंच बघायचं? आणि मग जे समोर आलंच नाही त्याचं काय? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "ते परीक्षेनंतर." आणि दिवा घालवला.

तिची परीक्षा आधी झाली. पेपर देऊन आली तशी तिनं पुस्तकं पेटीत टाकली. दोघी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन भेळ खाऊन आलो. वाटेत ती मला तिच्या गावाकडच्या सहस्रकुंडाच्या धबधब्याचं सांगत राहिली, पावसाळ्यात त्याचा आवाज लांबून कसा येतो ते. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला न्यायला आले. जाताना ती म्हणाली, "मावशी, सिस्टर-इन-लॉ आली की चित्र काढा. इसरू नका." पुढं तिला डॉक्टरकी मिळाली नाही. नांदेडला नर्सिंगला लागली. मी तिला भेटायला गेले तेव्हा रडेल म्हणून तयारीनं गेले होते, तर ती मला सलाईन लावायचं कसं ते तासभर सांगत बसली.

माझी परीक्षा लातूरच्या बाहेर, माळावरच्या एका कॉलेजात होती. रांगेत माझ्यापुढं पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ उभे होते. मला वाटलं, लेकीला सोडायला आलेत. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटलं.

"मुलगी आत गेली का?" त्यांनी विचारलं.

"मुलगी न्हाई, मीच हाव. तुमचं कोण?"

"मीच," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं एकदम हसलो. ते शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, निलंग्याकडचे. दर पंधरवड्याला गावात कुणी ना कुणी कागद वाचून घ्यायला येतो, आणि वाचून दाखवता येतं पण अर्थ सांगता येत नाही, म्हणून परीक्षेला बसलो म्हणाले. "घरात कुणाला सांगितलं नाही. पेन्शनच्या कामाला जातो म्हणून आलो."

आत संगणकापुढं बसले. तिकिटाचं मशीन मी झोपेतही चालवेन, पण हा माऊस हाताखालून पळत होता. मग नात्यांचं कोडं आलं आणि मी कच्च्या कागदावर पहिला गोल काढला. त्यानंतर वेळ कसा गेला कळलं नाही. सामान्य ज्ञानात देशोदेशीच्या राजधान्या विचारल्या, त्या बऱ्याच चुकल्या असतील. कायद्याच्या भागात मात्र एकेक गोष्ट वाचताना मला पुढं काय झालं असेल हेच जाणून घ्यावंसं वाटायचं, आणि मी स्वतःला दटावून पुढच्या प्रश्नावर जायची.

निकाल लागला तेव्हा मी गाडीवरच होते. नवऱ्यानं फोनवर आकडा वाचून दाखवला. मला वाटलं टक्के आहेत, आणि एवढे टक्के मला शाळेतसुद्धा कधी पडले नव्हते. ते पर्सेंटाइल होतं, म्हणजे आपल्या मागं किती जण आहेत त्याचा हिशोब, हे वकीलबाईंनी सांगितलं. तरी त्या स्वतः खूश झाल्या. "पुण्याचं टाका," म्हणाल्या. "मुंबईचंबी टाका. बघू तर द्या, कुठवर पोचताव."

मलाही तेच बघायचं होतं. पसंतीक्रम भरताना मी मुंबईचं सरकारी कॉलेज सगळ्यात वर टाकलं, मग पुण्याचं नावाजलेलं, मग नांदेड, मग लातूर. पहिल्या फेरीत पुण्याचं लागलं.

त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. आनंद होता, आणि पुढं काय हे कुणाला माहीत नव्हतं. आमचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, मित्रांबरोबर खोली करून राहतो. तो फोनवर म्हणाला, "आई, ये. मी दुसरी खोली बघतो." नवरा म्हणाले, "जा. गिरणी हाय, मी हाव. बघू." पण पुण्याला जायचं तर नोकरी सोडावी लागणार होती किंवा बिनपगारी रजा. आगारप्रमुखांना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "शिकायची परवानगी मागता येईल. पुण्याला बदली माझ्या हातात नाही. नांदेडला तुमचा नंबर लागू शकतो. सकाळचं कॉलेज असेल तर दुपारची ड्यूटी घ्या."

मी ठरवायच्या आधी नांदेडला जाऊन यायचं ठरवलं. तिथल्या कॉलेजच्या दारावरच्या शिपायानं विचारलं, काय काम आहे. मी म्हणाले, "प्रवेश घ्यायचा का न्हाई ते बघायला आले." तो मला प्राध्यापकांच्या खोलीत घेऊन गेला. तिथं एक प्राध्यापक वर्गावर निघाले होते. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "या, मागं बसा."

शेवटच्या वर्षाचा वर्ग होता आणि विषय पुराव्याचा. ऐकीव पुरावा म्हणजे काय, तो का चालत नाही. सर बोलत होते आणि मी बाकाच्या कडेला सरकले. तास संपता संपता त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका? मुलं वह्या बंद करत होती. मी उभी राहिले.

"सर, ऐकलेलं माणसाला पाहिल्यासारखं दिसायला लागलं तर? तो खोटं बोलत न्हाई. त्याला खरंच दिसतंय. तर ते पाहिलेलं धरायचं का ऐकलेलं?"

सगळा वर्ग मागं वळला. सरांनी विचारलं, "हे तुम्ही कुठं वाचलं?"

"वाचलं न्हाई. माझंच झालंय."

मी फाट्यावरची धडक सांगितली. मुलं वह्या बंद करून निघायच्या बेतात होती, ती परत बसली. एक म्हणाला ऐकलेलंच, एक मुलगी म्हणाली तिनं वळून बघितलं तेवढं तरी पाहिलेलं. वाद लागला. सरांनी फळ्यावर काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. शेवटी म्हणाले, "यातला कायद्याचा भाग किती आणि माणसाच्या मनाचा किती, हे मलाही आज सांगता येणार नाही. तुम्ही शिकायला या. आपण शोधू."

मी पुण्याची जागा सोडली. दुसऱ्या फेरीत नांदेड वर टाकलं आणि ते मिळालं. वकीलबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पुण्याला गेले असते तर काय झालं असतं, हे मला अधूनमधून वाटतं. मुलाकडं गेले की त्या कॉलेजवरून जाते, फाटकातून आत बघते. मोठी झाडं आहेत. वाईट वाटतं, आणि मग जाणून घ्यावंसंही वाटतं की तिथं आत्ता कुठला तास चालू असेल.

आता मी नांदेडला खोली करून राहते, सुट्टीला मुखेडला जाते. वर्गातली मुलं आधी मला मॅडम म्हणायची, मग ताई म्हणायला लागली. सकाळी तास आणि दुपारी गाडी. दमायला होतं, वर्गात डुलकीही लागते, इंग्रजी निवाडे वाचताना अजून बोट ठेवावं लागतं.

गेल्या आठवड्यात कराराचा तास होता. एकानं प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्यानं तो स्वीकारायचा, तेव्हा करार होतो. सरांनी सांगितलं, दुकानाच्या काचेत मांडलेली साडी हा प्रस्ताव नाही, ते नुसतं निमंत्रण आहे. प्रस्ताव गिऱ्हाईक मांडतं. मी हात वर केला.

"सर, फलक लावून स्टँडवर उभी असलेली बस?"

सर म्हणाले, "तुमचं काय म्हणणं आहे?"

माझं म्हणणं म्हणजे आणखी प्रश्नच होते. प्रवासी चढला की करार झाला, की मी तिकीट दिल्यावर? मग फाट्यावर हात दाखवणारा माणूस कोण, प्रस्ताव मांडणारा की स्वीकारणारा? सर म्हणाले, यावर वेगवेगळी मतं आहेत, ग्रंथालयात बघा आणि मला सांगा. मी दोन निवाडे काढले. दोन्ही समजले, आणि दोन्ही मला पटले, ही खरी पंचाईत.

दुपारी ड्यूटीवर गेले आणि गाडी कंधारच्या रस्त्याला लागली. एका फाट्यावर एका म्हातारीनं हात केला. मामा आता नाहीत माझ्या गाडीवर, नवीन ड्रायव्हर आहेत, त्यांनी गाडी थांबवली. म्हातारी चढली, बसली, कनवटीचा पैसा काढला. मी मशीन हातात धरून तिच्यापुढं उभी होते आणि हिचा करार नेमका कुठं झाला, खाली की वर, हे ठरवत होते.

तिनं माझ्या हाताला हात लावला. "बाई, कवाचे पैसे धरून बसले. तिकीट देताव का न्हाई?"

"देते आज्जी," मी म्हणाले. "पण मला एक सांगा. तुम्ही हात केला, तवा तुम्हाला काय वाटलं? गाडी थांबणारच?"

"न्हाई थांबली तर दुसरी येईल," ती म्हणाली. "का गं?"

मी तिच्या शेजारच्या रिकाम्या बाकावर बसले आणि तिला सगळं सांगायला लागले.